लाल पेटी, निळी पेटी

पुणे, ५ ऑगस्ट १९८४

ती. बाबांस लताचा सविनय जयभीम.
वि. वि. माझ्या दिरांनी अमेरिकेहून सोंगांच्या खेळाच्या दोन पेट्या आणल्या, त्या पाठवते आहे. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी वीर नाहीतर मांत्रिक होऊन गुहेतल्या राक्षसाला गाठायचं. लाल पेटीत नियमांची तीन जाडजूड पुस्तकं आहेत, निळीत चारच पानं. कुठली बरी ते कळवा.

आई गेल्यापासून तुम्ही कुणाशी बोलत नाही, असं शेजारच्या अंबूबाई लिहितात. दसऱ्यापर्यंत असंच चाललं, तर मी येऊन तुम्हाला कायमचं पुण्याला आणणार आहे.

माया आहे, ती वाढवावी.
आपली लता

इंदिरानगर, नाशिक, २ सप्टेंबर

चि. लतास अनेक आशीर्वाद.
लाल पेटी उत्तम. आमच्या कचेरीचे निवृत्त हेडक्लार्क खंडेराव गोष्ट चालवतात. मी, गोटीराम मास्तर आणि अंबूबाई खेळतो. प्रत्येक सोंगाचं सेवापुस्तक तीन प्रतींत तयार झालं आहे. गुहेत आधी कोणी शिरायचं यावर वाद झाला, म्हणून खंडेरावांनी ज्येष्ठता यादी लावली. अंबूबाईंची यक्षीण तीनशे वर्षांची निघाली. मास्तरांनी तिच्या जन्मतारखेचा दाखला मागितला आहे. चार रविवार आम्ही गुहेच्या तोंडाशीच आहोत, पण काम नियमानं चाललं आहे. काळजी नसावी.

तुझा बाबा, कोंडाजी

पुणे, १० सप्टेंबर

ती. बाबांस सविनय जयभीम.
तुमचा राक्षस वाट बघून म्हातारा होईल. निवृत्त होऊनही तुम्ही कचेरीतच बसलात, याचं मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. निळी पेटी उघडा. मी दसऱ्याला येते आहे, एसटीचं तिकीट काढलं.

रागावू नये, ही विनंती.
लता

नाशिक, २६ सप्टेंबर

चि. लतास अनेक आशीर्वाद.
निळी उघडली. नियम जवळपास नाहीतच, सगळा मर्जीचा कारभार, म्हणून खंडेराव दोन दिवस रुसले होते. त्यात गोष्ट सांगणारा एवढंच विचारतो, की आता तुम्ही काय करता. चौतीस वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी उत्तराचा तक्ता शोधत बसलो आणि तेवढ्यात राक्षसानं माझा वीर मारला.

नवं सोंग घ्यायला सांगितलं. नाव विचारलं, तेव्हा तोंडातून भिमाबाई निघून गेलं. तुझ्या आईचं. मग काय करता, असं विचारलं. या वेळी मला शोधावं लागलं नाही. मी म्हणालो, ती राक्षसाला विचारते, जेवलास का. खंडेरावांनी पेन खाली ठेवलं आणि राक्षसाच्या आवाजात म्हणाले, तीन दिवस झाले, काही नाही. त्या दिवशी पुढे खेळ झालाच नाही. चौघं तुझ्या आईबद्दल बोलत बसलो. मी बरंच बोललो, असं अंबूबाई म्हणतात.

तेव्हा निकाल असा: लाल पेटी कचेरीला बरी, निळी घराला. तू दसऱ्याला जरूर ये. राक्षसाचं जेवण अजून चाललं आहे, वाढायला हात कमी पडतात. परतीचं तिकीट मात्र एकच काढ.

जावईबापूंना जयभीम. लोभ आहेच.
तुझा बाबा