खालच्या फ्लॅटचा अर्ज

लीड्स, २६ ऑक्टोबर २०२४

ती. शशीदादा,

नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? इथे थंडी पडली, बॉयलर पुन्हा कुरकुरतोय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद.

तुझ्या मित्राच्या मुलाला, गंधारला खालच्या फ्लॅटची किल्ली अजून दिलेली नाही. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण आधी पत्र पुरतं वाच.

पंधरा तारखेला एक बाई फ्लॅट बघायला आली होती. मार्सिया. काळी, पन्नाशीची. तिला स्वयंपाकघर आवडलं, खिडकी उघडून बघितली. माझ्या कानात तुझंच वाक्य, "आपल्यातलंच कुणीतरी बघ." तोंडावर नाही म्हणायची आपल्याला सवय कुठे आहे? गोड हसून सांगून टाकलं, "मिस्टरांना विचारून कळवते."

हो, दादा. यांना जाऊन दीड वर्ष झालं. पण भिशीपासून विम्यापर्यंत सगळ्यांना जन्मभर हेच सांगत आले, तोंडून निघून गेलं. ती क्षणभर बघत राहिली, 'थँक यू' म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी डोळे तपासायला हॉस्पिटलमध्ये गेले. कॉरिडॉरमध्ये ब्लॅक हिस्टरी मंथचं प्रदर्शन होतं. जमैकाहून आलेल्या नर्सेस, त्यांना खोली नाकारणारी दारं. बाबांनाही तशीच दारं बंद झाली होती ना? दर दिवाळीला किती तोऱ्यात सांगतो आपण ते! एका नर्सच्या फोटोशेजारी तिच्या मुलीचा फोटो होता, निळ्या युनिफॉर्ममध्ये. मार्सिया.

ही तर यांच्या वॉर्डातली सिस्टर! साध्या कपड्यांत मी ओळखलंच नाही. हे गेले तेव्हा मी खाली लेकाची, समरची वाट बघत होते. यांचा हात तिच्या हातात होता.

तिला सगळं ठाऊक होतं रे. मी मेलेल्या नवऱ्याच्या आड लपले, आणि ती गप्प राहिली.

तिथूनच मार्सियाला फोन केला. रडत म्हटलं, फ्लॅट तुमचाच. तर म्हणाली, "मिसेस कानिटकर, उपकार नकोत. तुमच्या मनावरचं ओझं उतरवायला मी घर शोधत नाहीये. माझा अर्ज इतरांसारखा बघा, एवढंच."

बघितला. पगार, आधीच्या घरमालकाचं पत्र, सगळं चोख. गंधारने तर कागदच पाठवले नाहीत, तुझ्या शब्दावर निवांत बसलाय.

आज सकाळी सह्या झाल्या. फ्लॅट मार्सियाला दिला. गंधारला संध्याकाळी मीच फोन करून सरळ नाही म्हणणार आहे, तू मध्ये पडू नकोस.

सह्या झाल्यावर मी तिची माफी मागितली. "ऐकलं," एवढंच म्हणाली. सोमवारी ती सामान आणतेय. आता रोज जिन्यात भेटेल, आणि तोंड चुकवायची सोय नाही.

तुझी, अजून माफ न झालेली,
वरदा