पेटीचा गंधार

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज पुन्हा तेच. व्हायोलिनवर सा लावला, रे लावला, गंधारावर बोट ठेवलं — आणि पुढच्या खोलीतून ह्यांचा आवाज. "इला, गंधार उतरला." लगेच पेपराचं पान उलटल्याचाही आवाज आला.

हे रिटायर झाल्यापासून या घरात दार लावण्याला काही अर्थ उरलेला नाही. ह्यांचा कान आत असतोच. स्वयंपाकघरात वाजवून पाहिलं. शेवटी आज बाथरूममध्ये. तिथे व्हायोलिन फार गोड वाजतं! बाहेर आले तर देवकाबाई धुण्याची बादली घेऊन उभी.

"बाई, मले वाटलं अंदर मांजर कोंडलं."

तिचं फारसं चुकलं नव्हतं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

युक्ती सापडली. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. काळ्या पट्टीवर बोट कुठे ठेवायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. केसभर सरकलं की सूर गेला. म्हणून हे फिरायला गेल्यावर ह्यांची पेटी उघडली. एकेक सूर पेटीवर ऐकायचा, तारेवर शोधायचा, सापडला की तिथे टिकली चिकटवायची. लाल, बारीक.

शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस गेटपाशीच आमच्या टिकल्या काढायला लावायच्या. आम्ही त्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवायचो. शाळा सुटली की पुन्हा कपाळावर. सिस्टर आज असत्या तर माझं व्हायोलिन बघून काय म्हणाल्या असत्या!

गुरुवार, १४ नोव्हेंबर

ह्यांचं भजनी मंडळ आज आमच्याकडे. हे पेटीवर, धर्मेंद्रभाऊ तबल्यावर. मध्येच ह्यांनी जाहीर केलं, "दत्तजयंतीला इला व्हायोलिनवर साथ करेल." मला विचारलं नव्हतं. मी चहाचा ट्रे धरून दारात.

धर्मेंद्रभाऊ म्हणाले, "वहिनी, आता काई सुटका नाई तुमची."

"तोवर गंधार बसवून घेऊ तिचा," हे म्हणाले. सगळे हसले. मीही.

रविवार, १७ नोव्हेंबर

काजल आली, माझी व्हायोलिनची शिकवणी घ्यायला. हिंगणघाटहून स्कुटीवर, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. ती तिथे शाळेत संगीत शिकवते, मूळची अल्लीपूरची. व्हायोलिन खोक्यातून काढून बघते तर टिकल्या.

"काकू, हे काऊन लावल्या? नवरी करून राह्यल्या का याले?"

हसत हसत एकेक सोलून काढली. मला बोटं उघडी पडल्यासारखी वाटली. मग तिने फोनवर तानपुरा लावला. डोळे मिटायला सांगितले. तानपुऱ्यात मिसळून जाईल तिथे बोट थांबवा म्हणाली. थांबवलं. डोळे उघडले तर टिकलीच्या डिंकाच्या डागापासून बोट बरंच मागे.

"हाच गंधार."

"अगं, पेटीवर तर वर लागतो."

"पेटीचा चढाच असते काकू. तिचे सूर पक्के बसवलेले राह्यते, मागंपुढं सरकत नाई. तुमचा बरोबर हाये."

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

"बरोबर हाये म्हटलं ना. लिहून देऊ का?"

सोमवार, १८ नोव्हेंबर

दिवसभर एकच चाललं आहे डोक्यात.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तांदूळ निवडत गात होते. शाळेतलं नाताळचं गाणं. हे आतून पेटी घेऊन आले, माझ्यासमोर ठेवली, एक पट्टी दाबून धरली. "हा गंधार. तुझा उतरतो." लहानपणापासून पेटी शिकलेला माणूस. मी गाणं बंद केलं. मिहिर झाला तेव्हाही नुसतं थोपटलं. "पोराचा कान बिघडेल," असं हे हसत म्हणाले होते, पण म्हणाले होते.

शाळेत सिस्टर मला कॉयरच्या पहिल्या रांगेत उभं करायच्या. पुढे मी स्वतःची समजूत घातली — इतक्या मुलींत माझा आवाज बुडून जात असेल.

बुधवार, २० नोव्हेंबर

सांगू का ह्यांना? आज नाही. पोट बिघडलं आहे त्यांचं.

रविवार, २४ नोव्हेंबर

काजल म्हणते, तानपुऱ्याच्या तारांत गंधार कुणी लावलेला नसतो, तरी नीट ऐकलं की तो ऐकू येतो. आज ऐकू आला मला. मधमाशीएवढा. मी गज ओढला आणि माझा सूर त्यात असा मिसळला की व्हायोलिन हनुवटीखाली थरथरलं.

"उतरला," पुढच्या खोलीतून.

तानपुरा चालूच होता.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

मंडळात वाजवलं. पेटीशी भांडण नको म्हणून गंधार मुद्दाम चढवला. ह्यांनी मान डोलावली. "बसला एकदाचा!" सगळे वा वहिनी, वा वहिनी. धर्मेंद्रभाऊंनी टाळीसुद्धा वाजवली.

आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून बेसूर वाजवलं. आणि पहिल्यांदा शाबासकी मिळाली.

रविवार, १ डिसेंबर

काजलने दोन मिनिटांत ओळखलं. "पेटीसंग वाजवलं ना? अशानं बोटाले तीच सवय लागन."

मग गज पुसता पुसता म्हणाली, "काकांले सांगत काऊन नाई? त्यांले माहीतच नसन."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माहीत नसेल! बिचारे. जन्मभर त्या पेटीवर विश्वास ठेवला, मला खरंच सुधारायला बघत राहिले. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना ह्यांची कीव आली. राग गेलाच सगळा. हळूच सांगायला हवं, मन दुखावणार नाही असं. मंडळातल्या कुणासमोर तर नकोच.

मंगळवार, ३ डिसेंबर

सकाळी चहा देताना सांगितलं. "अहो, वाईट वाटून घेऊ नका, पण पेटीचा गंधार म्हणे चढा असतो."

ह्यांनी चहा बशीत ओतला. "असतोच. सगळ्याच पेट्यांचा. मी शाळेत होतो तेव्हाच गुरुजींनी सांगितलं होतं." आणि पेपर उघडला.

साखर बरोबर आहे का, एवढंच विचारलं मी.