निवड समितीची अकरावी बैठक

तात्यापारा, रायपूर
१६ नोव्हेंबर

ती. पूर्णिमाताईस,

शिशिरचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू डाव्याबद्दल लिहिलं होतंस, फोनवर उजव्याबद्दल बोललीस. दोन्ही असतील तर तसं कळव, म्हणजे काळजी नीट वाटून करता येईल. माझी प्रकृती ठीक. साखर वाढली आहे, पण ती इथे सगळ्यांचीच वाढली आहे. उरल्याच्या कारखान्यांकडून वारा आला की गच्चीवरचे कपडे काळे होतात, म्हणून मी आता गडद रंगाचेच कपडे घालतो.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर ऑफिसने मला परत काहून बोलावलं, असं तू विचारलंस. सांगतो. नद्यांची पातळी वाढली की खालच्या गावांना वेळेवर कळवणारा प्रोग्राम मी चोवीस वर्षांपूर्वी लिहिला होता. (तुझ्या उल्काच्या बारशाला मी आलो नाही तो यामुळेच. तू अजून बोलून दाखवतेस.) आता आदेश आला की ऑफिसातली सगळी मशीनं लिनक्सवर न्यायची. लिनक्स हे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर; ते कोणाच्या मालकीचं नसतं, फुकट मिळतं, आणि ते आतून कसं चालतं हे कोणालाही पाहता येतं. (आमच्या ऑफिसाच्या अगदी उलट.) माझा जुना प्रोग्राम तिथे चालत नाही. नवा लिहायला हवा, आणि त्याआधी तो कशात लिहायचा ते ठरवायला हवं. तुला भाजी चिरायला विळी, पाट आणि पुढे ताटली लागते, तशी प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही मांडामांड लागते. तिला डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. अशा मांडण्या पुष्कळ आहेत, म्हणून निवड समिती नेमली: साहेब, अकाउंट्सचे दत्तोपंत, कंत्राटावरची प्रोग्रामर यामिनी आणि मी. माझ्या नेमणुकीच्या पत्रात मुदत लिहिली आहे, 'निवड पूर्ण होईपर्यंत'. निवड झाली की समिती संपेल आणि समिती संपली की माझी खुर्ची. मग साडेनऊला घराला कुलूप लावून मी कुठे जायचं, याबद्दल पत्रात काही नाही. रमा गेल्यापासून डबा मीच भरतो आणि मीच उघडतो. त्यात उत्सुकता राहत नाही. पण ऑफिसात दत्तोपंत वाकून 'आज काय?' असं विचारतात, तेव्हा मलाही क्षणभर वाटतं की काय असेल. (अमरावतीला ये म्हणशील. मागे आलो होतो. चौथ्या दिवशी तू मला वाटाणे सोलायला दिलेस, आणि पाचव्या दिवशी ते परत सोललेस.)

एप्रिलपासून बैठका चालू आहेत. पहिल्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "फ्री है तो शिकायत किससे करेंगे?" प्रश्न बरोबर होता. विकणाराच नाही, तर नोटीस कोणाला पाठवायची? विकणारा नाही म्हणून समोसेही आले नाहीत. दत्तोपंतांनी दोन्ही गोष्टी हरकत म्हणून नोंदवायला लावल्या. दुसरी आणि तिसरी बैठक पडद्याची पार्श्वभूमी काळी असावी की पांढरी यात गेली. काळी डोळ्यांना बरी, असं यामिनीचं म्हणणं. सरकारी कामात काळा रंग साहेबांना बरा वाटेना. शेवटी करडी ठरली, ती कोणालाच आवडली नाही, आणि म्हणून एकमताने मंजूर झाली.

पहिली मांडणी फार मोठी होती. सकाळी सुरू केली, दत्तोपंत पंडरीच्या कापडबाजारात जाऊन सुनेसाठी दोन साड्या घेऊन आले, तरी ती उघडतच होती. यामिनी म्हणाली, "काका, हे उघडून राहिलं की जन्म घेऊन राहिलं?" मी हरकत नोंदवली. दुसरी चटकन उघडते, पण आपण 'जर' लिहिलं की पुढचं 'तर' तीच लिहून मोकळी होते. रमा असंच करायची. माझं वाक्य अर्ध्यावर असताना ती ते पूर्ण करायची आणि बहुधा बरोबर करायची. तेव्हा मी चिडत असे. त्या दिवशी मी तासभर नुसते 'जर' लिहीत बसलो. मग हरकत नोंदवली. तिसरी मांडणी म्हणजे रिकामा पडदा आणि कोपऱ्यात मिणमिणणारा एक चौकोन. दत्तोपंतांना मशीन बंदच वाटे, म्हणून जाता-येता ते भिंतीवरचं बटण बंद करत. (त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इथे आले, आणि तेव्हापासून त्यांच्या घराण्यात रिकाम्या खोलीत दिवा ठेवत नाहीत.) माझं तीन आठवड्यांचं काम गेलं. खरं तर काम काही नव्हतं. पण गेलं असं नोंदवता आलं.

काल अकरावी बैठक झाली. साहेब म्हणाले, डिसेंबरपर्यंत निपटवा. बाहेर आल्यावर यामिनीने विचारलं, "काका, तुम्ही निवडून राहिले की टाळून राहिले?" मी इतिवृत्तात लिहिलं, 'सविस्तर चर्चा झाली.'

गुडघ्याला तेल लावत जा. तेलाने काही होत नाही, पण बसून राहायला कारण मिळतं.

तुझा,
शिशिर

ता. क. दुसरी मांडणी मी पहिल्याच आठवड्यात पसंत केली होती. ते असो. उल्का याच क्षेत्रात आहे, तिला विचारून आणखी एखाद्या मांडणीचं नाव कळव. फार चांगली नको. जिच्यातला दोष सापडायला निदान तीन बैठका लागतील अशी हवी.

ता. क. २. पाकीट परत उघडलं आहे. आज यामिनी उशिरा आली. नद्यांच्या पातळीचे आकडे भरायला मी तिच्या मशीनशी गेलो, तर ते आपोआप भरले जात होते. पावसाळाभर ती ते हाताने भरून गावांना कळवते असं मी समजत होतो. नवा प्रोग्राम तिने जूनमध्येच लिहिला, मशीनबरोबर येणाऱ्या साध्या पाटीवर, कुठल्याही मांडामांडीशिवाय. सगळ्या गावांना वेळेवर कळलं. मी तो वाचला. माझ्यापेक्षा बरा आहे. बोलली काहून नाहीस, विचारलं. म्हणाली, "समिती संपली असती तं तुम्ही सकाळी उठून गेले कुठं असते, काका?"

ता. क. ३. उल्काला तरीही विचार. यामिनी म्हणते, दोन नावं मागवा.