‘बसायचं’ हा शब्द

गुरुवार, संध्याकाळ

दारू सोडून आज एकेचाळीस दिवस. समुपदेशक बाईंनी मोठ्या कागदावर नकाशा काढायला लावला. मध्ये मी, भोवती गोल, आणि प्रत्येक गोलात या महिन्यात काय जमवायचं ते. घरी येऊन कपाटावर चिकटवला. शाबासकीची वाट बघत होतो, खोटं कशाला लिहू?

सुप्रिया कामावरून आली. पर्स खांद्यावरच, वाचता वाचता थांबली. सगळ्यात मोठ्या गोलात मी लिहिलं होतं : रोज सात वाजता घरी बसायचं.

"म्हणजे आता घरीच बसणार तुम्ही?" अगदी हळू म्हणाली. मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून.

मला आधी कळलंच नाही. मग डोकं फिरलं. "अगं, केतकीच्या अभ्यासाला!" केवढ्याने ओरडलो! पण तिची काय चूक? बारा वर्षं लालबागच्या त्या बारमधून फोन करून मी काय सांगायचो? "जरा बसलोय, येतो." आमच्या घरात बसण्याचा दुसरा अर्थ मी ठेवलाच कुठे?

शब्द खोडला. दुसरा सुचेना. पोरीशेजारी नुसतं बसण्याला काय म्हणतात?

सात वाजले. केतकी लादीवर वह्या पसरून ओरडली, "पप्पा, बसतोस ना?"

सुप्रियाचा हात कणकेतच थांबला.

"बसतो," म्हटलं. आणि बसलो.