बावीस मिनिटांतली माझी चाल

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

धनेशने आमच्या बँडचा अल्बम टाकला! मला न सांगता! ऐरोलीच्या ऑफिसात, कँटीनमध्ये, हातात इडली — आणि फोनवर ही बातमी. शेवटी बारीक अक्षरांत नावं. गिटार — धनेश. रचना — धनेश. कीबोर्ड — जागृती, म्हणजे मी. आणि त्याखाली, मुख्य चाल — पारंपरिक.

पारंपरिक! मग मी कोण? कुणाची मेलेली खापरपणजी?

ती चाल माझी आहे. घणसोलीत, आमच्या घराच्या वरच्या खोलीत, २०२१च्या मे महिन्यात, भर दुपारी माझ्या बोटांतून आली. धनेश तेव्हा समोर पंख्याखाली लोळत होता. दिवाळीत भांडण झालं, मी बँड सोडला, म्हणून चालीवरून नाव पुसायचं?

सोडणार नाही त्याला.

४ फेब्रुवारी

बाजूच्या टेबलवरची सुचिता म्हणते, "तुझ्या एका गाण्यात माझी भाजी शिजते यार." शिजू दे. हिला काय सांगू?

आमचं ते बावीस मिनिटांचं गाणं, त्यात तिसऱ्या मिनिटाला माझी चाल येते. साधी, बासरीवर. मग गायब. मग साताचा ठेका, ऑर्गनचं भांडण, ड्रम्सची मारामारी, गिटार कुठल्या कुठे भरकटते. आपण ती चाल विसरतो. आणि एकोणिसाव्या मिनिटाला, सगळी व्हायोलिनं सोबत घेऊन, तीच परत येते. मोठी होऊन. मला रडू येतं. शंभरदा ऐकलं तरी येतं. हे असलं रॉक मी ऐकते ते त्या परत येण्यासाठी. मधली सोळा मिनिटं नुसती वाट बघायची.

मीपण परत येणार. बघच तू धनेश.

६ फेब्रुवारी

पुरावा सापडला! जुन्या फोनमध्ये, त्याच दुपारचं रेकॉर्डिंग, तारखेसकट. सुरुवातीला खाली मोरीत आई भांडी घासत काहीतरी गुणगुणतेय. गोंगाट नुसता. मी वरून ओरडलेलीपण ऐकू येते — "आई, हळू! रेकॉर्डिंग चालू आहे!" मग शांतता, आणि मग माझी चाल.

पहिली चाळीस सेकंदं कापून टाकली. आता स्वच्छ.

७ फेब्रुवारी

गाण्यांचे हक्क नोंदवायच्या साइटवर चाल नोंदवली. मालक — जागृती. एकटी. खाली एक चौकोन होता : "ही चाल जिथे जिथे सापडेल तिथून आपोआप काढून टाकावी का?"

टिक केलं. असं दाबून टिक केलं की बोट दुखलं.

८ फेब्रुवारी

काही नाही.

११ फेब्रुवारी

अजून काही नाही. शनिवारी वाशीच्या हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम. पोस्टरवर काळा शर्ट, केस उडवतोय. कामोठ्याच्या घरी त्याने आई-बाबांना साताऱ्याहून पाहुणे बोलवायला लावलेत म्हणे. येऊ देत. जेवढे जास्त तेवढं बरं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उडाला!!! अल्बम सकाळी उडाला!

संध्याकाळी आमच्या ड्रमरचा, तेजसचा फोन. "जागू, हॉलवाल्यांनी बंद पाडलं. वाद मिटल्याशिवाय वाजवायचं नाय म्हणाले. धनेश स्टेजवर नुसता उभा होता यार. त्याचे बाबा येऊन घेऊन गेले त्याला खाली."

मी म्हटलं, अरेरे. आणि फोन ठेवून खोलीत नाचले. खरंच नाचले, साताच्या ठेक्यावर. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आईने खालून विचारलं, "काय घर पारतंस गो वर?" काही नाही आई. भिंतीवर खिळा ठोकतेय.

१६ फेब्रुवारी

धनेशचा मेसेज. एकच ओळ — "एकदा तुझ्या आईला विचार."

आता माझ्या आईला मध्ये आणतो! माझी तक्रार माझ्या आईकडे! पाचवीतला पोरगा आहे का हा? ब्लॉक केला.

२३ फेब्रुवारी, रविवार

माझ्या चुलतबहिणीची, तेजश्रीची हळद. आई गावातली धवलारीण, म्हणजे लग्नघरी तिच्याशिवाय पान हलत नाही. मांडवात ती आणि दुसरी धवलारीण सुंदराबाई समोरासमोर बसून तासन्‌तास धवले, म्हणजे लग्नातली जुनी गाणी, गातात. ठेका नाही, वाजंत्री नाही, एकीने सोडलं की दुसरी उचलते. लहानपणी मी आईच्या मांडीवर तिथेच झोपायचे. कळायला लागल्यापासून हेडफोन लावते. शाळेतल्या मैत्रिणी हसायच्या ना.

आजही लावले. एकोणिसावं मिनिट लावलं आणि डोळे मिटले. उघडले तर आई गाता गाता माझ्याकडेच बघत होती. हसली. मीपण हसले.

२५ फेब्रुवारी

तेजश्रीने आईच्या गाण्याचा व्हिडिओ टाकला. दोन दिवसांत चार हजार लोकांनी पाहिला! आई मासळीबाजारातून आली ती हवेतच. "कोपरखैरण्याची बाई मना बोलली, तूच ना गो ती?" रात्री जेवताना तिने तो तीनदा लावला. मी कानात घातलेलं काढलं नाही. चव्वेचाळीस वर्षं गातेय म्हणाली, पहिल्यांदाच कुणी विचारलं.

२७ फेब्रुवारी

सकाळी आई फोन घेऊन वर आली. "जागू, माजा व्हिडिओ कुठं गेला गो? कालपरत व्हता."

काळा चौकोन. खाली इंग्रजीत दोन ओळी. यातली चाल नोंदवलेल्या चालीशी जुळते, म्हणून काढला आहे. मालक — जागृती.

म्हटलं, आई, काय गायलीस? म्हण ना. तिने पलंगावर बसून म्हटलं. हळू, ठेक्याशिवाय. माझी चाल. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"माजे सासूनी शिकवलेली," ती म्हणाली. "तुजे धनेशनी पन इचारलेलं मना, कुनाची हाय. मी बोलली, आपली सगल्यांची." मग फोन माझ्यापुढे धरला. "काय लिवलंय? कुनी काडला?"

आईला इंग्रजी वाचता येत नाही.