पाहुणा, गास्ट आणि चुडामणकाका

१८ नोव्हेंबर
आज जर्मनच्या ऑनलाइन तासाला नवा शब्द — गास्ट. पाहुणा! इंग्रजीतला गेस्ट त्याचा सख्खा भाऊ. डॅनिश, स्वीडिशमध्येही तोच, फक्त तोंड जरा वाकडं करायचं. मार्चमध्ये नर्स म्हणून जर्मनीत गेले की मीही गास्टच.

१९ नोव्हेंबर
शब्द डोक्यातून जाईना. लॅटिनमध्ये याचा भाऊबंद होस्टिस — आधी परका, पुढे चक्क शत्रू! रशियनमध्ये गोस्त — पाहुणा, आणि पूर्वी परदेशी व्यापारीसुद्धा. हॉस्पिटलही याच खानदानातलं. म्हणजे माझी नोकरीही! मुळात म्हणे, परक्याशी येणंजाणं ठेवणं: आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे.
आईला सांगितलं. म्हणाली, "शत्रू कशाले व माय? पाव्हना तो पाव्हनाच."

२१ नोव्हेंबर
आपला पाहुणा संस्कृतातल्या प्राघुणावरून. गास्टशी नातं नाही. हिरमोड झाला.

२४ नोव्हेंबर
आबा आणि चुडामणकाका — सख्खे भाऊ, मधे एक भिंत. केळीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडले, चार वर्षं अबोला. जाण्याआधी दोघांना एका पंगतीत बघायचंय. बाकी काही नको मला.
रविवारी शेतात भरीत ठेवलंय. काकांना रीतसर आमंत्रण देऊन आले. आबा हो म्हणाले नाहीत. पण नाही म्हणाले नाहीत!

१ डिसेंबर
काका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. भावाच्या शेतात कोणी पुडा घेऊन येतं का!
आबांनी खुर्ची दिली. पाणी दिलं. "घ्या," म्हणाले — धाकट्या भावाला! कपाशीच्या वाळक्या पराट्यांच्या जाळावर वांगी भाजली. सोलायला काका पुढे झाले, तर आबा म्हणतात, "राहू द्या. तुम्ही पाव्हने."
काका दोन घास खाऊन उठले.
सगळं माझ्यामुळे! घरच्या माणसाला कधी आमंत्रण देतात? आमच्याकडे भरताचा धूर दिसला की भाऊबंद आपणहून येतात. मी शहाणी, रीतसर बोलावून त्यांना परकं करून आले. खूप रडले.

३ डिसेंबर
पुस्तक उघडलं नाही.

८ डिसेंबर
सकाळी आबा घरात नाहीत. शोधते तर भिंतीपलीकडून त्यांचाच आवाज — "चुडामन, भाकर झाली का रे? भूक लागली."
कोणी बोलावलं नव्हतं.
मग काका म्हणाले, "हात धुऊन ये."