न भरलेला अर्ज मागे घेण्याविषयी

जुने शहर, अकोला
एप्रिल २००४

प्रिय ओमप्रकाश यास,

गफ्फारचा सलाम आणि रामराम, दोन्ही. पार्बतावहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. आमच्याकडे सर्व ठीक असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काहीही नाही.

इतिहासाचा मास्तर निवृत्त झाला की लोक त्याला रिकामा समजतात. इथल्या एका उमेदवाराने (त्यांना भाऊसाहेब म्हणू, सगळेच म्हणतात) मला मतदारसंघाचा इतिहास आणि रचना सांगणारी पुस्तिका लिहायला सांगितली. मी हुरळलो. वऱ्हाड निजामाचं होतं, मग इंग्रजांच्या हाती गेलं, रेल्वे आली, कापसाची पेठ वाढली, अशी चार पानं झकास लिहिली. भाऊसाहेबांचा माणूस सूर्यभान ती वाचून म्हणाला, "सर, निजामाचे आता किती मतं हाएत?" त्यांना हवी होती फक्त रचना, म्हणजे कोणत्या समाजाची किती मतं.

मग मी भर उन्हात वही घेऊन गल्लोगल्ली फिरलो. ओमप्रकाश, या मतदारसंघात प्रत्येक समाज निर्णायक आहे. माळी निर्णायक, बागवान निर्णायक, शिंपी तर एकट्याच्या बळावर निर्णायक. सगळ्यांचे आकडे जोडले तर तुमचं दर्यापूर आणि अख्खं अमरावती उचलून इथे आणलं तरी माणसं पुरत नाहीत. शेतकरी कुठे धरू, असं विचारलं तर सूर्यभान म्हणे, "शेतकरी समाज नाई ना सर. तो सगळ्याईत येते, म्हणून त्याले कुठीच धरत नाई." कापसाला भाव का मिळत नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

खरा घोटाळा पुढेच आहे. निवडणुकीच्या तोंडावर वही घेऊन घरोघरी कोण फिरतं? जो उभा राहतो तो. दोन दिवसांत सगळीकडे झालं, की गफ्फार सर अपक्ष उभे. मी नाही म्हटलं की लोक डोळे मिचकावत. (नाही म्हणणारा नक्की उभा राहतो, हा इथला अनुभव.) शेजारच्या मैनाबाईंनी हार घातला आणि म्हणाल्या, "सर, उभे राहून रायले तं पयले नळाचं पाहा. पुलापलीकडून हंडे वाहून मान मोडली आमची." मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण मी उभा नव्हतो.

दुसऱ्या सकाळी सूर्यभान पेढे घेऊन हजर. "सर, आता बसा." बसा म्हणजे अर्ज मागे घ्या. जो भरलाच नाही तो मागे कसा घेऊ? "काय पाह्यजे ते सांगा." मी वैतागून ओरडलो, गल्लीत पाणी आणा आणि माझं डोकं सोडा. आश्चर्य म्हणजे लगेच पाइप येऊन पडले. (आचारसंहिता आड आली नाही. कागदावर आमच्या गल्लीत पाणी केव्हाच आलेलं आहे, म्हणून ही दुरुस्ती.)

आता पाइप मैनाबाईंच्या दारापर्यंत येऊन थांबलाय. सूर्यभान म्हणतो, आधी बसा, मग पुढचा पाइप. बसायला अर्ज लागतो, म्हणून तो भरावा लागला. सह्या करायला सगळी गल्ली लोटली. आणि माझ्या एकाही भाषणाला कधी न आलेली तुझी भाभी बिल्कीस दारात खुर्ची टाकून म्हणते, "पानी आए बिगर तुम बैठना नै." मला ना कचेरीत जाता येतं, ना घरात झोपता येतं. सगळं सोडून तुझ्या मळ्यात येऊन पडावंसं वाटतं.

तुझा त्रासलेला,
अब्दुल गफ्फार

ता. क. मुख्य काम राहिलंच. भाऊसाहेबांचे व्याही तुमच्या दर्यापुरात असतात. जुन्या शहरात गफ्फारची मोठी हवा आहे, असं त्यांच्या कानावर सहज घाल. तू पडलास अमरावतीचा मतदार, तुझ्यावर कोणी संशय घेणार नाही. भाऊसाहेब घाबरले की पाइप सरकेल.

दुसरा ता. क. पत्र टाकायच्या आतच सूर्यभानने हात टेकले आणि पाइप जोडायला माणसं पाठवली. ती जेवून आली तोवर तीन वाजले आणि अर्ज मागे घ्यायची मुदत संपली. पाणी चारला आलं. बिल्कीस नळाखाली हात धरून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, आता मागच्या गल्लीचं बघा, तिथल्या बाया येऊन बसल्यात. तेव्हा व्याह्यांना काही सांगू नकोस. सरळ प्रचाराला ये.